‘सांडलं पाणी’ला शून्य पाय

आमच्या तालुक्यात ‘ठेका’ मासिक एखाद्या गाण्याला जितके पाय देई, तितक्याच पायांनी त्या गाण्यावर नाचता येत असे. जास्तीत जास्त दोन पाय मिळत. दोन पायांच्या गाण्यावर लोक नेहमीसारखे नाचत. एक पाय मिळाला असेल तर उजवा पाय नाचे आणि डावा जमिनीला धरून राही. दीड पायाच्या गाण्यावर डाव्या पायाची टाच तेवढी हलत असे. शून्य पायांचं गाणं लागलं की माणसं होती तिथे उभी राहत, घाम पुसत, आणि ते संपलं की पुढच्या गाण्यावर पुन्हा सुरू होत.

हे मासिक सुपडूअण्णा महाजन काढत. बसस्टँडसमोर त्यांचा लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. कुणाचं लग्न कधी, हे अण्णांना नवरदेवाच्या आधी कळतं, त्यामुळे कोणता बँड सांगावा आणि कोणता डीजे बोलवावा हेही लोक त्यांनाच विचारायचे. रोज तेच तेच सांगून घसा बसू लागला, म्हणून त्यांनी एकदाच छापून ठेवायचं ठरवलं. पत्रिकांचा उरलेला गुलाबी कागद होताच. त्यामुळे ‘ठेका’च्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात सोनेरी गणपती असे, आणि खाली बँड, डीजे, संबळ, हळदीची गाणी यांचे अभिप्राय.

पहिल्या तीन अंकांत कोणाला काही वेगळं जाणवलं नाही. अण्णांना कोणाला दुखवायचं नव्हतं, म्हणून त्यांनी सगळ्या गाण्यांना दोन पाय दिले होते. चौथ्या अंकापासून मी लिहायला लागले.

मी लग्नात नाचत नाही. बँड सुरू झाला की काकू, माम्या, वहिन्या आपापल्या पर्स माझ्याकडे देतात आणि नाचायला जातात. एका लग्नात माझ्याकडे एका वेळी चौदा पर्स होत्या. इतक्या पर्स घेऊन कुठे जाता येत नाही, म्हणून मी एका जागी उभी राहून बघते. काय बघितलं ते भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवायची. नववीत असताना प्रकल्पाला स्पायरल मारायला छापखान्यात गेले, तेव्हा ती वही चुकून प्रकल्पासोबत अण्णांच्या हातात गेली. त्यांनी ती चष्मा वर करून वाचली.

“‘तिसऱ्या कडव्यानंतर क्लॅरोनेट दमतो आणि नाचणारे एकमेकांकडे बघायला लागतात.’ हे तू लिहिलंस?”

“हो.”

“तुला कसं कळलं?”

“मी तिथेच उभी असते.”

“नाचत नाहीस?”

“पर्स असतात.”

अण्णांनी मला ‘काठावरून’ नावाचं सदर दिलं. माझं नाव छापू नका, एवढं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कोणालाही सांगितलं नाही. घरी मी अभ्यास करते असं सांगून लिहीत असे.

माझ्या पहिल्याच सदरात एका डीजेच्या रिमिक्सला मी एक पाय दिला होता, कारण त्याचा अर्धा भाग दुसऱ्याच गाण्याचा होता. पुढच्या रविवारी मंगल कार्यालयात ते गाणं लागलं आणि नव्वद माणसं एकट्या उजव्या पायाने नाचायला लागली. बराच वेळ सगळ्यांना ती नवीन स्टेप वाटली. मग नवरदेवाचे मामा म्हणाले की डावा पाय उचलावासा वाटतोय पण तो ऐकत नाही. अकरा जणांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळ्यांचे गुडघे ठोकून बघितले आणि कागदावर लिहून दिलं, “पाय निरोगी. अभिप्राय कमी.” डॉक्टर ‘ठेका’चे वर्गणीदार होते. त्यांनी लिहून दिल्यावर वाद राहिला नाही.

त्यानंतर मासिक वाढलं. जिथवर अंक पोचे तिथवर पाय ऐकत, आणि अंक एसटीने जात असल्यामुळे एका वर्षात ते शेजारच्या दोन तालुक्यांत पोचलं. लग्नपत्रिकेवर ‘आहेर आणू नये’च्या खाली ‘सर्व गाणी दोन पायांची’ अशी ओळ आली. बँडवाले नवी चाल आधी छापखान्याच्या दारात वाजवून दाखवू लागले. मिरवणूक चौकात अडकली की हवालदार अंक काढून शून्य पायांचं गाणं शोधत आणि ते लावायला सांगत; तेवढ्यात दोन्ही बाजूंच्या गाड्या निघून जात. आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाच्या गाण्यांची यादी मुख्याध्यापकांच्या सहीआधी ‘ठेका’शी ताडून बघत.

‘काठावरून’ कोण लिहितं याबद्दल तर्क चालत. कोणी म्हणे, इंदूरच्या बाजूचा कुणी म्हातारा उस्ताद आहे. मी वर्गात तिसऱ्या बाकावर बसून हे ऐकत असे. तेव्हा मला बरं वाटत असे, आणि पुढे जे झालं ते त्या बरं वाटण्यातूनच झालं असावं.

माझे वडील भटू बाविस्कर आमच्याच शाळेत प्रयोगशाळेत काम करतात. परीक्षानळ्या धुणं, ॲसिडच्या बाटल्या कुलपात ठेवणं, बेडूक मोजणं हे त्यांचं काम. मुलं त्यांना भटूभाऊ म्हणतात. ते कमी बोलतात. पण नवरत्न ब्रास बँडने ‘सांडलं पाणी’ ही चाल वाजवली की ते वरातीच्या मधोमध जातात आणि विहिरीतून पाणी शेंदतात. आधी वाकून विहिरीत बघतात. मग दोर सोडतात. मग पाय रोवून, हळूहळू मागे सरत, दोर ओढतात. बादली वर आली की ती दोन्ही हातांनी उचलून नाचत नाचत फिरतात आणि जो समोर येईल त्याच्या डोक्यावर ओततात. हातात काही नसतं. लग्न ओळखीचं असायलाच हवं असंही नसतं. चाल ऐकू आली की ते घरातून बाहेर पडतात.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या वर्गातल्या दिव्यानीच्या भावाची वरात होती. अर्धा वर्ग आला होता. मी दिव्यानीच्या काकूंच्या पर्स धरून आइस्क्रीमच्या गाडीजवळ उभी होते. पप्पांनी दोर ओढला, बादली उचलली आणि गर्दीतून थेट माझ्यापर्यंत आले. मुली बघत होत्या. पप्पांनी बादली माझ्या डोक्यावर ओतली आणि ती पूर्ण रिकामी व्हावी म्हणून तळाला दोनदा थापटलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताच दिव्यानीने विचारलं, “हर्षदा, डोकं नीट पुसलंस ना?”

“सर्दी झाली असेल तिला,” तिच्या शेजारची म्हणाली. “बघ, नाक लाल दिसतंय.”

“छत्री आणत जा गं. भटूभाऊ कुठेही भेटतील.”

त्या हसत होत्या, पण वाईट मुली नव्हत्या. दोन दिवसांत त्या विसरल्याही. मी विसरले नाही. त्या आठवड्यात मी सदर लिहिलं:

“नवरत्न ब्रास बँडची ‘सांडलं पाणी’ ही चाल आता थांबायला हवी. तिच्यावर नाचणाऱ्याला आपण किती हास्यास्पद दिसतो याचं भान राहत नाही. वयस्कर माणसांनाही ती अशा हालचाली करायला लावते की त्यांच्या घरच्यांना मान खाली घालावी लागते. शून्य पाय.”

अण्णांनी वाचलं. “चाल वाईट आहे का गं?” त्यांनी विचारलं. “मला तर बरी वाटते.”

“मी नीट बघितलंय,” मी म्हणाले.

त्यांनी छापलं.

अंक निघाल्यानंतरच्या पहिल्या लग्नात चाल सुरू झाली आणि पप्पा मधोमध गेले. त्यांनी वाकून विहिरीत बघितलं, दोर सोडला आणि ओढायला लागले. हात चालत होते, पण मागे सरता येत नव्हतं, त्यामुळे बादली वर येईना. ते तसेच ओढत राहिले. चाल संपल्यावर त्यांनी दोर हळूच सोडून दिला आणि बाजूला येऊन उभे राहिले. पुढच्या दोन पायांच्या गाण्यावर लोकांनी त्यांना ओढलं, तेव्हा ते म्हणाले, “मला एवढं एकच येतं.”

घरी आल्यावर त्यांनी अंक मागवून घेतला आणि अभिप्राय वाचला. मी पाटावर बसून ताटात बघत होते.

“मुलीसमोर काय वाचताय ते,” आई म्हणाली. “फेका तिकडे. कोण कुठला लिहिणारा.”

“नाही, लिहिणाऱ्याला काहीतरी दिसलं असणार,” पप्पा म्हणाले. “उगाच कोण लिहील.” मग त्यांनी मला विचारलं, “तू तर तिथे उभीच असतेस. खरंच तसं दिसायचं का गं?”

“माझं लक्ष नव्हतं,” मी म्हणाले.

त्यांनी अंकाची घडी घातली. त्यानंतर चाल ऐकू आली तरी ते घरातून बाहेर पडले नाहीत. पुढे चाल ऐकू येणंही बंद झालं.

यात ताईच्या लग्नाची तारीख निघाली. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, मोनाली. नवरदेव पाहायला आला तेव्हा तिने त्याच्या नोकरीबद्दल काहीच विचारलं नव्हतं, पण घरी मात्र लहानपणापासून एक गोष्ट सांगून ठेवली होती: माझ्या हळदीला पप्पांनी माझ्यावर पाणी ओतायचं. अगदी पहिलीत असल्यापासून ती हे म्हणत होती. हळद पंधरा दिवसांवर आली तेव्हा तिने पप्पांना आठवण करून दिली.

“त्या चालीला शून्य पाय आहेत ना बेटा,” पप्पा म्हणाले.

“मग चालीशिवाय ओता.”

“चालीशिवाय पाणी लागत नाही.”

ताई आत गेली. ती रडत नव्हती. पत्रिकांवर नावं लिहीत होती, आणि एकाच काकांच्या तीन पत्रिका लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर छापखान्यात गेले आणि अण्णांना सांगितलं की ‘सांडलं पाणी’चे पाय बदलायचे आहेत.

“बदलता येतात,” अण्णा म्हणाले. “पुरवणी काढू. पण दुरुस्ती लिहिणाऱ्याने स्वतः करायची, कारण द्यायचं आणि खाली पूर्ण नाव घालायचं. नियम आहे. दुसऱ्या अंकात मागच्या पानावर छापलाय.”

“आद्याक्षरं चालतील?”

“पूर्ण नाव.”

पूर्ण नावात मधे पप्पांचं नाव येतं. मी कागद घेतला आणि लिहिलं, “मुद्रणदोषामुळे दोनऐवजी शून्य छापले गेले.” खाली बारीक अक्षरात नाव घातलं. अण्णांनी ते वाचलं. त्यांनी एकच प्रत काढली, ती टेबलावर ठेवली आणि प्रयोग करून बघायला नवरत्न बँडच्या युनूस मास्तरांना बोलावलं. बँडचं कार्यालय शेजारीच आहे. मास्तर ट्रम्पेट घेऊन आले, प्रत वाचली, नाव वाचलं, आणि माझ्याकडे बघितलं.

“तू होय,” ते म्हणाले. “आम्ही समजत होतो, कोणी बुजुर्ग आहे.”

मी खाली बघितलं.

“माझ्या अब्बांनी बांधलेली चाल बेटी. बावीस वर्षं वाजवली. तुझं वाचलं आणि वहीतून काढून टाकली. म्हटलं, लिहिणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगले कान असतील.” ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ट्रम्पेटचं तोंड रुमालाने पुसलं. “वाजवू का?”

त्यांनी चाल वाजवली. अण्णांनी धोतर सावरून पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय हलला नाही. मग मी माझा उचलून बघितला. तोही हलला नाही.

“पायांना पटलं नाही,” अण्णा म्हणाले. “कारण खरं लिहावं लागेल.”

“खरं छापलं तर काय होईल?”

“आतापर्यंत आपण कोणाचं ऐकत होतो ते पायांना कळेल.”

“मग?”

“मग ते आपलंआपलं बघतील. मासिकाला काही काम उरणार नाही.”

मी म्हणाले, “मग राहू द्या अण्णा.” मला खरोखर त्यांच्या मासिकाचं वाईट वाटत होतं, पण नाव छापायला नको हेही त्यात होतं, आणि ते त्यांना कळलं असणार. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“तुझ्या ताईच्या पत्रिका मी छापल्यात,” ते म्हणाले. “त्यावर ‘सर्व गाणी दोन पायांची’ असं आहे. माझ्या छापखान्यातून खोटी पत्रिका गेलेली नाही आजवर. लिही.”

मी चार वेळा लिहिलं. शेवटचं असं होतं:

“‘सांडलं पाणी’ या चालीत दोष नाही. त्या वरातीत पाणी शेंदणारे गृहस्थ माझे वडील आहेत. वर्गातल्या मुलींसमोर मला त्यांची लाज वाटली, म्हणून मी शून्य पाय दिले. चालीला दोन पाय आहेत. — हर्षदा भटू बाविस्कर, दहावी ब.”

मास्तरांनी पुन्हा वाजवलं, आणि अण्णांचे पाय हलले. ते खुर्चीला धरून थोडा वेळ नाचले. मग त्यांनी छपाईचे खिळे जुळवायला घेतले.

पुरवणी हळदीच्या दिवशी सकाळी घरोघरी गेली. आमच्याही घरी आली. मांडवात आचारी कांदे चिरत होते आणि पप्पा त्यांना पाण्याची टाकी दाखवत होते. त्यांनी उभ्या उभ्या पुरवणी वाचली. मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचली. घडी घालून शर्टच्या खिशात ठेवली आणि मला म्हणाले, “हळद वाटून झाली का ते बघ जरा.” दिवसभरात ते माझ्याशी आणखी काही बोलले नाहीत. आई मात्र एकदा बोलली. ती म्हणाली, “तुझ्यासाठी त्यांनी शाळेतून बेडकाचा सांगाडा आणला होता, जोडून, तुझ्या प्रकल्पाला. तेव्हा नाही वाटली लाज.” आणि पापडांकडे वळली.

दुपारपर्यंत बातम्या यायला लागल्या. नदीपलीकडच्या गावात एका पायाच्या गाण्यावर दोन्ही पाय उचलले गेले होते. एका साखरपुड्यात शून्य पायांच्या तीन गाण्यांवर लोक ओळीने नाचले आणि दोन पायांच्या गाण्यावर कंटाळून जेवायला बसले. चौकात हवालदारांनी शून्य पायांचं गाणं लावलं, तर मिरवणूक आणखी जोरात नाचली आणि रस्ता तासभर बंद राहिला. पुढे मासिकाचे दोन अंक निघाले, पण पाय ते वाचत नव्हते. लोक जुने अंक परत आणून देऊ लागले. अण्णांनी ते नीट रचून ठेवले. उरलेल्या गुलाबी कागदावर ते आता बारशाच्या पत्रिका छापतात. मी कधी समोरून गेले तर ते हात करतात. मीही करते आणि पटकन पुढे जाते.

हळदीच्या संध्याकाळी पाच वाजता नवरत्न बँड मांडवात आला. सगळा वर्ग आला होता, दिव्यानीही होती. सगळ्यांनी पुरवणी वाचलेली होती. त्या दिवशी माझ्याकडे कोणी पर्स दिली नाही. काकूंनी आपल्या पर्स खांद्याला अडकवल्या आणि तशाच नाचल्या. मला हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं.

मास्तरांनी ‘सांडलं पाणी’ सुरू केली. लोकांचे पाय लगेच हलले. पप्पा खांबाला टेकून उभे होते. त्यांचे पाय मोकळे होते. चपलेने ताल धरलेलाही दिसत होता. पण ते पुढे आले नाहीत.

“पप्पा, या ना,” ताई हळद लावलेल्या तोंडाने म्हणाली. “किती वेळ?”

“तुमचं चालू द्या. छान दिसतंय,” पप्पा म्हणाले आणि खिशाला हात लावला.

मास्तरांनी चाल संपवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. संपवली, पुन्हा सुरू केली. चौथ्या वेळी ताई पाटावरून उठली. हळद लागल्यावर नवरीने उठायचं नसतं, पण ती उठली, आणि पप्पांच्या समोर जाऊन डोकं वाकवून उभी राहिली. पप्पांनी इकडेतिकडे बघितलं. मग ते मधोमध गेले, वाकून आत बघितलं आणि दोर सोडला.

त्यांनी ताईवर पूर्ण बादली ओतली. मग आईवर. आई “पुरे, पुरे” म्हणत होती, पण बाजूला झाली नाही. मग वाजवणाऱ्या मास्तरांवर, नवऱ्याकडून आलेल्या आत्यांवर आणि दिव्यानीवर. दिव्यानीने डोळे घट्ट मिटले होते. लोक रांगेने पुढे येत होते. पप्पा बादली उचलून माझ्याकडे आले. मला बघून ते थांबले. त्यांनी हात खाली केले, एखाद्या अनोळखी बाईला धक्का लागू नये म्हणून आपण बाजूने जातो तसे बाजूने गेले, आणि माझ्या मागच्या मावशींवर पाणी ओतलं.

“पप्पा, मी राहिले,” मी म्हणाले.

बँडचा आवाज मोठा होता, त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले. तेव्हा नेमके मास्तर श्वास घ्यायला थांबले होते, त्यामुळे ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

पप्पा वळले. त्यांनी हातांकडे बघितलं.

“ही संपली,” ते म्हणाले. “थांब, भरून आणतो.”

या वेळी विहीर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला, खुर्च्यांच्या थप्पीपाशी होती. पप्पा तिथपर्यंत गेले, आत बघितलं आणि दोर सोडला. पाणी खोल गेलं असावं, कारण ते बराच वेळ ओढत होते. मास्तरांनी चाल लांबवली. नाचणारे थांबून माझ्याकडे बघत होते, वर्गातल्या मुलीही बघत होत्या. मला फार लाज वाटत होती. पाय मोकळे होते, तरी मी जागेवरून हलले नाही.